‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ : इंग्लंडमधल्या ट्रेनी सॉलिसिटरच्या मुलाखतीतला अवघड प्रश्न

ब्रिटनमधलं पोस्ट ऑफिस प्रकरण गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बातम्यांत आलं. १९९९ ते २०१५ या काळात पोस्टाच्या शाखा चालवणाऱ्या ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं गेलं. हिशेबातली तूट मात्र ‘होरायझन’ या संगणक प्रणालीच्या आकड्यांवरून दाखवली जात होती आणि त्या प्रणालीतच दोष होते. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयानं ३९ जणांना एकाच दिवशी दोषमुक्त केलं आणि २०२४ मध्ये संसदेला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

या प्रकरणात वकिलांचं वागणंही तपासलं गेलं. २०१३ मध्ये होरायझनच्या तक्रारींवर दर आठवड्याला फोनवर बैठक घ्यायचं ठरलं होतं. त्या बैठकांची टिपणं नष्ट करायची सूचना दिली गेल्याचं पोस्ट ऑफिसला सल्ला देणाऱ्या एका बॅरिस्टरच्या कानावर आलं आणि असं करणं किती गंभीर आहे हे त्यानं लेखी सल्ल्यात बजावलं.

आता अशाच एखाद्या बैठकीत टिपणं घेणारे तुम्ही आहात असं समजा. नोकरीला लागून चारच महिने झालेत. बैठक संपल्यावर वरिष्ठ म्हणतात, “ते शेवटचं लिहू नकोस, आणि जे लिहिलंयस ते फाडून टाक.” तुम्ही काय कराल?

इंग्लंडमधल्या लॉ फर्ममध्ये ट्रेनीच्या मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराला नेमके असे प्रश्न विचारतात. २०२१ पासून सॉलिसिटर होण्याची परीक्षा, म्हणजे एसक्यूई, जगात कुठूनही पदवी घेतलेल्यांना देता येते. त्यामुळे भारतातून कायदा शिकून तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींनाही या प्रश्नाला सामोरं जावं लागतं. कायद्याचा अभ्यास पक्का असलेली मुलं इथे अडखळतात. अडखळण्याचं कारण हुशारी कमी पडली हे क्वचितच असतं. प्रश्न कशाची परीक्षा घेतोय हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न नेमका काय विचारतो

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशिलांचं काम थेट घेणाऱ्या वकिलाला सॉलिसिटर म्हणतात. सॉलिसिटर म्हणून नोंद होण्याआधी साधारण दोन वर्षं देखरेखीखाली काम करावं लागतं. त्या काळात तुम्ही ट्रेनी, आणि ज्यांच्या देखरेखीखाली काम करता ते तुमचे सुपरवायझर. या सगळ्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी. पुढे तिला एसआरए म्हणू.

प्रसंगावर आधारलेले प्रश्न दोन रूपांत येतात. पहिलं ऑनलाइन चाचणीचं. एक प्रसंग आणि चार-पाच पर्याय देतात, त्यातला सगळ्यात योग्य आणि सगळ्यात अयोग्य निवडायचा किंवा सगळ्यांचा क्रम लावायचा. दुसरं रूप प्रत्यक्ष मुलाखतीतलं. तिथे पर्याय नसतात आणि तुमच्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न येतो. वॉटसन-ग्लेझर नावाची जी चाचणी बऱ्याच फर्म घेतात ती वेगळी. ती तर्क तपासते, तिची तयारी इथे फारशी उपयोगी पडत नाही.

‘पूर्वी असं घडलं तेव्हा तुम्ही काय केलंत’ हा प्रश्नही वेगळाच. त्यासाठी परिस्थिती, काम, कृती, निकाल अशा क्रमानं उत्तर द्यायची पद्धत सगळ्यांना पाठ असते. प्रसंगाच्या प्रश्नात ती लावायला गेलं की गाडी अडते, कारण इथे निकाल अजून लागलेलाच नसतो. अशा मुलाखतीची कल्पना मानसशास्त्रज्ञ गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. माणूस ‘मी असं करीन’ म्हणून जो मनसुबा सांगतो त्याचा त्याच्या पुढच्या वागण्याशी संबंध असतो, हे तिच्या मुळाशी आहे. म्हणून मुलाखत घेणारा तुमचा मनसुबा तपासतो आणि त्यामागची कारणं खरी आहेत का हेही पाहतो.

गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा आठवा. शेजारी बसलेला परीक्षक तुम्ही ठरल्या जागी पोचलात का याला फारसं महत्त्व देत नाही. वळण्याआधी आरसा पाहिलात का, इशारा दिलात का, समोरचा अचानक थांबला तेव्हा पाय कुठे गेला, याचे गुण असतात. इथेही शेवटी काय केलं यापेक्षा आधी काय पाहिलं, कोणाला सांगितलं आणि कोणत्या क्रमानं सांगितलं, याचे गुण आहेत. माझ्या मते बहुतेक उत्तरं या क्रमातच घसरतात.

आधी नियम वाचा, आणि ते छोटे आहेत

‘हे तर साधं शहाणपण आहे, त्याला वाचायचं काय’ असं म्हणून बरेच जण नियम न पाहताच जातात. एसआरएची तत्त्वं फक्त सात आहेत आणि एका पानात मावतात. कायद्याचं राज्य आणि न्यायदान यांचा आदर राखणं, वकिलीवरचा लोकांचा विश्वास टिकवणं, स्वतंत्र राहणं, प्रामाणिक असणं, सचोटीनं वागणं, समानतेला आणि सर्वसमावेशकतेला चालना देणं, आणि प्रत्येक अशिलाचं हित पाहणं. ही तत्त्वं फर्मच्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्यामुळे ट्रेनी त्यातून सुटत नाही.

तत्त्वांचा एकमेकांशी संघर्ष झाला तर व्यापक लोकहित जपणारं तत्त्व वरचढ ठरतं, असं तिथेच लिहिलं आहे. मुलाखतीतले निम्मे प्रश्न या एका वाक्यावर उभे असतात. अशिलाला एखादा कागद न्यायालयापासून लपवायचा आहे. तुम्ही त्याचे वकील आहात, त्याचं हित पाहायला बांधलेले आहात, तरी न्यायालयाची दिशाभूल करता येत नाही. ‘अशिलाचं हित सर्वात आधी’ हे पाठ करून गेलेला उमेदवार इथे जोरात चुकीच्या दिशेनं जातो.

प्रामाणिकपणा आणि सचोटी ही तत्त्वं यादीत वेगवेगळी ठेवली आहेत, त्यालाही कारण आहे. २०१८ मध्ये अपील न्यायालयानं हा फरक स्पष्ट केला. खोटं न बोलणं हा प्रामाणिकपणा. सचोटीची अपेक्षा त्याहून मोठी आहे: वाटाघाटी करणाऱ्या सॉलिसिटरनं अचूक बोलण्याबाबत रोजच्या गप्पांतल्या सामान्य माणसापेक्षा जास्त काटेकोर असायला हवं. एखादं वाक्य खरं असेल, पण समोरचा त्यातून भलताच अर्थ घेणार आहे हे माहीत असताना ते तसंच सोडून दिलं, तर खोटं बोललो नाही एवढ्यानं भागत नाही.

एक प्रश्न जवळून पाहू

प्रसंग असा. सायंकाळचे साडेसहा. तडजोडीच्या वाटाघाटी चालू आहेत. आपला अशील जास्तीत जास्त किती रकमेला तयार होईल याचं टिपण तुम्ही तुमच्या पार्टनरला, म्हणजे फर्मच्या भागीदार असलेल्या वरिष्ठ वकिलाला, ईमेल केलं. पाठवल्यावर दिसलं की पत्ता आपोआप भरताना त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा पत्ता आला, आणि तो माणूस समोरच्या पक्षाचा वकील आहे. पार्टनर घरी जायला निघाल्या आहेत.

नेहमी ऐकू येणारं उत्तर असं: “मी आधी ईमेल परत बोलावण्याचा प्रयत्न करीन. मग त्या वकिलाला फोन करून माफी मागीन आणि न वाचता काढून टाकायला सांगीन. त्यानंतर पार्टनरना कळवीन.”

ऐकायला चांगलं वाटतं. जबाबदारी घेतली, लपवलं नाही, झटपट हालचालही केली. तरी क्रम चुकला. समोरच्या वकिलाशी काय बोलायचं हा निर्णय तुमचा नाही. “अहो, त्यात आमच्या अशिलाचा आकडा आहे, कृपया उघडू नका” असं घाबरून बोललात, तर त्यानं उघडून पाहायच्या आधीच तुम्ही त्याला सांगून टाकलंत की आत काय आहे. आणि तुम्ही एकट्यानं धडपड करत असताना पार्टनर ट्रेनमध्ये बसून गेल्या, म्हणजे ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना कळायला आणखी तासभर उशीर.

चांगलं उत्तर जिन्याकडे धावत जाण्यापासून सुरू होतं. पार्टनर निघायच्या आत त्यांना गाठायचं आणि चार गोष्टी न चाचरता सांगायच्या: काय गेलं, कोणाला गेलं, किती वाजता गेलं आणि त्यात नेमकं काय लिहिलं होतं. सबबी नंतर, विचारल्या तरच. मग समोरच्या वकिलाला न वाचता काढून टाकण्याची विनंती कोणी आणि कोणत्या शब्दांत करायची हे पार्टनर ठरवतील. प्रत्येक फर्ममध्ये नियमपालनाची जबाबदारी असलेला एक अधिकारी असतो, त्याला सीओएलपी म्हणतात. त्यालाही कळवावं लागेल. टिपणात कोणाची वैयक्तिक माहिती असेल तर माहिती-संरक्षणाचा कायदा लागू होतो. धोका संभवत असेल तर घटना कळल्यापासून ७२ तासांत संबंधित नियामकाला कळवायचं असतं. तुम्ही गप्प बसलेला प्रत्येक तास फर्मच्या त्या ७२ तासांतून जातो.

आणि अशिलाला सांगावं लागतं. एसआरएच्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे: काही चुकलं तर अशिलाशी मोकळेपणानं बोला, शक्य तर चूक दुरुस्त करा, आणि काय झालं व त्याचे परिणाम काय होऊ शकतात हे लवकर समजावून सांगा. ट्रेनीनं अशिलाला परस्पर फोन करावा असा त्याचा अर्थ नाही. पण ‘अशिलाला कळायला हवं, आणि ते कसं कळवायचं हे मी पार्टनरना विचारीन’ हे वाक्य तुमच्या उत्तरात असायला हवं. बरेच उमेदवार पार्टनरना सांगितल्यावर सुटकेचा श्वास टाकतात आणि अशिलाला विसरूनच जातात.

खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. मुलाखत घेणारा प्रसंगातली एक गोष्ट बदलतो. “पार्टनर विमानात आहेत, फोन लागत नाही.” मग विभागातले दुसरे पार्टनर, नाहीतर सीओएलपी. सकाळपर्यंत थांबायचं नाही. मग तो आणखी एक गोष्ट बदलतो. “पार्टनर म्हणाल्या, जाऊ दे, तो वाचणार नाही, कोणाला सांगू नकोस.” आता तुमच्या बोलण्याची पट्टी बदलायला हवी, पण आवाज चढायला नको. पहिल्यांदा त्यांनाच विचारायचं: “अशिलाला सांगावं लागेल असं मला वाटतंय, माझं काही चुकतंय का?” कदाचित त्यांना तुम्हाला माहीत नसलेली एखादी गोष्ट ठाऊक असेल. कदाचित दिवसभराच्या थकव्यात त्या पटकन बोलून गेल्या असतील. तरीही उत्तर तेच आलं तर सीओएलपीकडे जायचं, आणि जाणार आहोत हे पार्टनरना सांगून जायचं. थेट एसआरएकडे धाव घेणं इथे घाईचं, आणि मान डोलावून गप्प बसणं चुकीचं. या दोन टोकांमधल्या पायऱ्या तुम्हाला दिसतात का, एवढंच त्या टेबलापलीकडच्या माणसाला पाहायचं असतं.

दोन पार्टनर, एक संध्याकाळ

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच: दोन वरिष्ठांनी एकाच वेळी तातडीचं काम दिलं, दोन्ही उद्या सकाळी हवीत, दोन्ही पूर्ण होणं अशक्य. ‘मी रात्रभर जागून दोन्ही करीन’ हे उत्तर मेहनती वाटतं, पण ते वाईट आहे. पहाटे चार वाजता तपासलेल्या करारात चूक राहिली तर तिची किंमत अशील मोजतो.

दोन्ही मुदती खऱ्या आहेत का ते आधी विचारायचं. ‘उद्या सकाळी’ म्हणजे एकाला नऊ वाजता न्यायालयात दाखल करायचं असतं, दुसऱ्याला अकराच्या बैठकीआधी एकदा नजर टाकायची असते. तुम्हाला किती वेळ लागेल याचा खरा अंदाज द्यायचा. प्राधान्य ठरत नसेल तर दोन्ही वरिष्ठांना एकमेकांची अडचण कळेल असं करायचं. कोणाचं काम मोठं हे ट्रेनीनं मनातल्या मनात ठरवून एकाला अंधारात ठेवायचं नाही. या प्रश्नात यापलीकडे फार खोल काही नाही.

‘हो, पाठवतो’ म्हणण्याआधी

इथे मात्र थांबून वाचा, कारण हा सापळा बाहेरून दिसतच नाही.

घर विकण्याचा व्यवहार आज पूर्ण व्हायचा आहे. सुपरवायझर जेवायला गेले आहेत. समोरच्या बाजूचा सॉलिसिटर फोन करतो, घाईत आहे, सज्जन आहे. “सहीचे कागद आज संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पाठवाल ना? तेवढं सांगा, म्हणजे मी इकडून पैसे सोडतो.” तुमच्या तोंडून सहज निघतं, “हो, पाठवतो.”

ती कदाचित अंडरटेकिंग झाली. सॉलिसिटरच्या वतीनं दिलेला आणि समोरचा ज्याच्यावर विसंबून पाऊल टाकणार असा शब्द म्हणजे अंडरटेकिंग. ती तोंडी असली तरी चालते, आणि ‘अंडरटेकिंग’ हा शब्द उच्चारला नसला तरी बांधून ठेवते. एकदा दिली की फर्मला ती पाळावीच लागते, मग अशिलानं सही केलेली असो वा नसो. म्हणून बरोबर उत्तर साधं आहे: “मी ट्रेनी आहे, याचा शब्द मला देता येणार नाही. सुपरवायझर दोन वाजता येतील, त्यांना लगेच फोन करायला सांगतो.” मग फोनची नोंद वेळेसकट फाइलमध्ये. मदत करण्याची चांगली सवय असलेल्या उमेदवारालाच हा प्रश्न अडकवतो, आणि तो विचारतात तोही त्यासाठीच.

याच जातीचा आणखी एक प्रश्न वेळेच्या नोंदीचा. इंग्लंडमधल्या फर्म कामाचा वेळ सहसा सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहितात, कारण अनेकदा अशिलाचं बिल त्यावर ठरतं. सुपरवायझर म्हणतात, “चार तास काम केलंस ना, सहा लिही, या महिन्यात आकडे कमी आहेत.” हे अशिलाच्या खिशातून न केलेल्या कामाचे पैसे काढणं आहे. सभ्य शब्दांत, पण नाहीच म्हणायचं.

आणि सगळ्यात काळजीनं समजून घ्यायचा तो मागची तारीख घालण्याचा प्रसंग. पत्र गेल्या आठवड्यात जायला हवं होतं, राहून गेलं, आता आज लिहून त्यावर मागची तारीख टाकली तर कोणाला कळणार? नोव्हेंबर २०१८ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं तीन सॉलिसिटरांची प्रकरणं एकत्र ऐकली. त्यांतल्या एका तरुण सॉलिसिटरनं कामातला विलंब झाकण्यासाठी मागच्या तारखांची पत्रं तयार केली होती. शिस्तभंग न्यायाधिकरणानं मानसिक आजार आणि ऑफिसातला ताण लक्षात घेऊन तिघांनाही व्यवसायात राहू दिलं होतं. उच्च न्यायालयानं ते बदललं आणि तिघांचीही नावं व्यवसायाच्या नोंदवहीतून काढून टाकली. अप्रामाणिकपणा सिद्ध झाला की ताण आणि आजार एवढ्यानं सहसा वाचवत नाहीत, असा त्या निकालाचा गाभा आहे.

मला तो निकाल वाचताना फार वाईट वाटतं. मूळ चूक उशिराची होती, आणि उशीर माफ होतो. एक ओळीचा ईमेल, ‘हे माझ्याकडून राहिलं आहे, मदत हवी आहे’, वेळेवर गेला असता तर ते करिअर बहुधा वाचलं असतं. मुलाखतीत हे प्रश्न का विचारतात ते यावरून कळावं. अशी वेळ येते तेव्हा माणूस दमलेला असतो, एकटा असतो आणि घाबरलेला असतो. काय करायचं हे त्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

जिथे बोलायचंच नसतं

आतापर्यंत सगळीकडे ‘सांगा’ असं म्हटलं. एका ठिकाणी मात्र नेमकं उलटं आहे. घर घेणाऱ्या अशिलाच्या पैशांचा स्रोत जुळत नाही, तो एकदम वेगळ्याच देशातल्या खात्यातून रक्कम पाठवतो, आणि काळा पैसा पांढरा केला जातोय अशी शंका येते. इथे ‘मी अशिलाला स्पष्टीकरण मागीन आणि नाहीतर तक्रार करावी लागेल असं सांगीन’ हे उत्तर धोक्याचं आहे. फर्ममध्ये यासाठी नेमलेला अधिकारी असतो, शंका फक्त त्याच्याकडे न्यायची. तक्रार झाली आहे हे अशिलाला कळवणं हा २००२ च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशिलाशी मोकळेपणा राखण्याच्या नियमाला असलेला हा अपवाद उमेदवाराला ठाऊक असेल, तर त्यानं तत्त्वं नुसती पाठ केलेली नाहीत हे दिसतं.

‘मग सगळ्याला एकच उत्तर : वरिष्ठांना सांगतो?’

ही शंका रास्त आहे. पण ‘वरिष्ठांना सांगीन’ एवढंच म्हणणारा उमेदवार ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. सांगण्याआधी तुम्ही काय गोळा केलंत, सांगताना काय सुचवलंत आणि सांगितल्यावर पाठपुरावा केलात का, हे उत्तरात यायला हवं. उलट काही प्रसंग वर न्यायचेच नसतात. शेजारच्या टेबलावरच्या ट्रेनीनं तुमच्या कामाचं श्रेय घेतलं तर पहिली पायरी पार्टनरची केबिन नव्हे. त्याच्याशी स्वतः शांतपणे बोलणं ही पहिली पायरी आहे. मात्र कोणी सहकाऱ्याला धमकावत असेल, अपमान करत असेल, तर तो वैयक्तिक कुरबुरीचा विषय राहत नाही. सहकाऱ्यांशी न्यायानं आणि आदरानं वागण्याचं बंधन २०२३ पासून आचारसंहितेतच घातलेलं आहे.

‘वरिष्ठांविरुद्ध बोललो तर नोकरी राहील का?’

आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं, त्यामुळे ही भीती आपल्या मुलांना जरा जास्तच जाणवते. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नियम तुमच्या बाजूनं आहे: गैरप्रकार कळवणाऱ्याला त्रास देणं आचारसंहितेनं स्पष्टपणे मना केलं आहे. शिवाय सल्ल्यासाठी एसआरएची नीतिविषयक हेल्पलाइन आहे. तरी कागदावरचा नियम आणि सोमवारी सकाळी त्याच माणसासमोर जाऊन बसणं यात अंतर आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही ते माहीत असतं.

म्हणून तिथे शूरपणाचा आव आणू नका. ‘मी लगेच तक्रार करीन’ असं छाती पुढे काढून सांगणाऱ्यापेक्षा ‘हे मला अवघड जाईल, पण मी आधी त्यांच्याशी एकट्यानं बोलीन आणि अशा शब्दांत बोलीन’ असं सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. आदर राखून विरोध करता येतो. “सर, टिपण फाडलं तर उद्या न्यायालयानं मागितल्यावर आपण अडचणीत येऊ. ते ठेवूनच पुढे कसं जायचं ते ठरवूया का?” या वाक्यात उद्धटपणा कुठेही नाही, आणि टिपण फाडायलाही नकार आहे.

‘मला ऑफिसचा अनुभवच नाही’

नसू दे. प्रश्न काल्पनिक ठेवतात याचा एक फायदा हाच, की अनुभव नसलेल्यालाही उत्तर देता येतं. दुकानात, कॉल सेंटरमध्ये, कॉलेजच्या कार्यक्रमात असाच काही प्रसंग आला असेल तर शेवटी एका वाक्यात सांगा. नसेल तर ओढूनताणून आणू नका.

तयारी कशी करायची

पाठ केलेली उत्तरं कामाची नाहीत, कारण एक गोष्ट बदलली की ती कोसळतात. माझ्या दृष्टीनं सर्वात उत्तम अभ्यास फुकट मिळतो. सॉलिसिटरांच्या शिस्तभंग न्यायाधिकरणाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात. एक निकाल घ्या, घटनांची तारीखवार यादी करा, आणि प्रत्येक तारखेपाशी थांबून विचारा: इथे कोणी, कोणाला, काय सांगितलं असतं तर हे थांबलं असतं? निकालात बहुतेक वेळा एक विशिष्ट संध्याकाळ सापडते, जेव्हा सगळं अजून दुरुस्त होण्यासारखं होतं. त्या संध्याकाळी त्या खुर्चीवर ट्रेनी म्हणून तुम्ही बसला असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता, ते लिहून काढा. असे पाच-सहा निकाल मन लावून वाचले की प्रश्नांचे साचे आपोआप दिसायला लागतात: गोपनीयता, हितसंबंधांचा संघर्ष, स्वतःची चूक, दुसऱ्याची चूक, वेळेचा ताण, पैसा. पोस्ट ऑफिस चौकशीतल्या वकिलांच्या साक्षींचे उतारेही खुले आहेत. त्यांत ‘तेव्हा तुम्ही विचारलं का नाही?’ हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो.

मग बोलायचा सराव. मित्राला प्रसंग वाचायला सांगा, दोन मिनिटांत उत्तर द्या, आणि मध्येच एक गोष्ट बदलायची मुभा त्याला द्या. इंग्रजीत मोठ्यानं बोला, कारण वाचताना सोपी वाटणारी वाक्यं तोंडातून निघताना अडतात. विशेषतः नकाराची.

लेखी चाचणीत पर्यायांचे काही ठरावीक प्रकार असतात: काहीच न करणं, बरोबर पण उशिरा करणं, आपल्या अधिकाराबाहेर जाऊन करणं, आणि पहिल्याच फटक्यात सगळ्यात वरच्या पायरीवर जाणं. आधी दोन टोकं ठरवा, मधले नंतर. प्रसंगात न दिलेली माहिती मनानं घालू नका, आणि त्यात तुम्ही कोण आहात हे दोनदा वाचा. पार्टनरसाठी योग्य असलेला पर्याय ट्रेनीसाठी अयोग्य असू शकतो.

मुलाखतीत मात्र माहिती विचारता येते, आणि विचारावीच. “हा कागद मूळ आहे की प्रत?” “अशिलाला हे माहीत आहे का?” असे एक-दोन प्रश्न वेळकाढूपणा वाटत नाहीत. नियमाचा क्रमांक आठवला नाही तरी बिघडत नाही, नियम काय जपतो ते सांगा.

उत्तर देता देता आपला क्रम चुकल्याचं लक्षात आलं तर तिथेच थांबा आणि म्हणा, “मला हे बदलायचं आहे. ईमेल परत बोलावण्याआधी मी पार्टनरना गाठीन, कारण समोरच्याशी काय बोलायचं हे मी एकट्यानं ठरवू नये.” समोरचा माणूस तेव्हा वहीत काहीतरी लिहितो. घाबरून पुन्हा पहिल्या उत्तराकडे जाऊ नका, पुढचा प्रश्न येऊ द्या.